अजून थोडं मागे

घरच्या माणसांना घेऊन डोंगर चढायचा म्हटला की सगळी काळजी चढणीचीच केली जाते. अण्णांचे गुडघे टिकतील का, पाणी पुरेल का, शिडीवर आई घाबरेल का, पोरं अर्ध्यातच रडायला लागली तर काय. माझं मत आता वेगळं आहे. चढताना माणूस आपोआप सावध असतो. दम लागलेला असतो, नजर पायाखाली असते, हाताने काहीतरी धरलेलं असतं. वर पोहोचलं की हे सगळं एकदम सुटतं. घाम वाळतो, समोर मुलूख पसरतो आणि खिशाखिशातून मोबाईल बाहेर येतात. कुटुंबाच्या चढाईतला सगळ्यांत बेसावध अर्धा-पाऊण तास तो हा. फोटो काढू नका असं मी कुणाला सांगणार नाही, मी स्वतः भरपूर काढतो. पण कुणी काढायचे, कुठे उभं राहून, कशाचे आणि किती वेळ, हे खालून निघतानाच ठरवून घ्यावं. वर गेल्यावर ते ठरत नाही.

आमच्या बाबतीत जे झालं ते कळसूबाईवर झालं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी गाव लागतं, तिथून वर जायचं. आधी शेताचे बांध, मग डोंगराची सोंड, आणि कातळ आडवा आला की लोखंडी शिड्या. पायाला सवय असलेल्याला तीन तास लागतात. सोबत आजी-आजोबा आणि पोरं असली की चार-साडेचार धरावेत. माथा काही फार मोठा नाही. वर देवीचं छोटंसं मंदिर, भोवती थोडी मोकळी जागा, आणि रविवारी त्या जागेवर लग्नाच्या पंगतीला असते तेवढी गर्दी.

नवरात्रातली यात्रा आटोपून गर्दी ओसरल्यावर आम्ही गेलो होतो. आई, अण्णा, ताई आणि दाजी, भाची, माझी बायको, मुलगा आणि मी. हवा अशी स्वच्छ की नाशिककडचे डोंगर ओळखू येत होते. दाजींना फोटोंचा भारी नाद. दर्शन झालं, डबे उघडायच्या आत त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. पाठीमागे भंडारदऱ्याचं पाणी आलं पाहिजे, मंदिराचा कळसही आला पाहिजे आणि माणसं तर सगळी यायलाच हवीत. "अण्णा, जरा डावीकडे. ताईला पुढे घ्या. सगळे बसत नाहीत हो," असं म्हणत ते एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. भाची ओरडली, "पप्पा, अजून थोडं मागे, माझे बूट येत नाहीत!" आम्ही हसलो आणि दाजी दिसेनासे झाले.

त्यांच्या मागे कडा नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण ही हकिगत ऐकणारा लगेच दरी डोळ्यांपुढे आणतो आणि "आम्ही नाही बाबा कड्याकडे जात" म्हणून निर्धास्त होतो. मागे होती फक्त कातळाची एक पायरी, फार तर मांडीएवढी उंच, तळाशी सुटे दगड. उजवा पाय दगडावर पडला, घोटा आत वळला आणि सगळं अंग त्यावर आलं. मोबाईल हातातच होता. तो फोटोही निघाला आहे; आम्ही सगळे त्यात छान हसतोय.

त्या फोटोकडे मी नंतर पुष्कळदा पाहिलं. दाजींना मागचं दिसत नव्हतं हे उघड आहे. पण आम्हाला दिसत होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे होतो, ती पायरी आमच्या थेट समोर, भर उजेडात होती. डोळ्यांना दिसली असणार, ध्यानात मात्र एकाच्याही आली नाही, कारण प्रत्येकजण लेन्सकडे बघून चेहरा नीट ठेवण्यात गुंतला होता. फोटो काढणारा एकटाच आंधळा होतो असं नाही, काढून घेणारेही होतात. गर्दीच्या माथ्यावर असे चार-पाच घोळके एकाच वेळी उभे असतात आणि सगळे एकमेकांना "मागे, मागे" म्हणत असतात.

मुरगळलेला घोटा घरी असता तर हळद लावून पलंगावर बसलो असतो. माथ्यावर त्याचं रूप वेगळं. बारीपर्यंत गाडी नाही, रोपवे नाही, मध्ये शिड्या आहेत. अण्णा एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात घालवलेले, घाबरणं त्यांच्या अंगात नाही. दाजी बूट काढायला वाकले तसा त्यांनी हात धरला, "काढू नका. सूज आली की परत चढायचा नाही." बुटावरूनच क्रेप बँडेज घट्ट आवळलं, वरून ताईची ओढणी बांधली. सरबताच्या टपरीवरच्या बारीच्या पोराने न सांगता टपरी शेजारच्याच्या हवाली केली आणि काठी घेऊन आमच्यासोबत निघाला.

शिडी उतरतानाचं मला अजून जसंच्या तसं आठवतं. दाजी शिडीकडे तोंड करून, दोन्ही हात कठड्याच्या पाइपवर, दुखरा पाय अधांतरी. खाली एक पायरी सोडून अण्णा. दाजींचा धडका पाय अण्णा स्वतःच्या हाताने पकडायचे, पायरीवर नेऊन टेकवायचे आणि "सोडा भार" म्हणायचे. मग दाजी दोन्ही हात चार बोटं खाली सरकवायचे. पुन्हा पाय, पुन्हा "सोडा भार". एरवी पोरं धडाधडा उतरतात त्या एका शिडीला आमचा इतका वेळ गेला की खालून चढणारे थांबून बसले, वरचे थांबून बसले, आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

सोंडेवर अंधार पडला. आता टॉर्च हवा, तर मोबाईल काढले. दाजींचा बंद, माझा बंद पडायच्या बेतात, ताईच्या मोबाईलमध्ये भाचीने चढतानाचे व्हिडिओ काढून चार्जिंग संपवलेलं. चालू होता तो आईचा जुना बटणांचा फोन, त्याला पुढे इवलासा दिवा असतो तो. त्या दिव्यावर आणि टपरीवाल्या पोराच्या बॅटरीवर आम्ही गाव गाठलं. एक्स-रेमध्ये घोट्याजवळचं हाड चिरलेलं निघालं, दीड महिना प्लास्टर.

तेव्हापासून आमच्याकडे एक मोबाईल पूर्ण चार्ज करून बंद ठेवला जातो, आणि तो फोटोसाठी उघडायचा नाही. सॅकमध्ये हेडटॉर्च असतो, माणशी एक. दिवसा परत यायचं असलं तरी. क्रेप बँडेजही दोन. १०८ नंबरची रुग्णवाहिका गावातल्या रस्त्यापर्यंत येते, त्यापुढचं काम डोंगरातल्या माणसांचं. राज्यातल्या गिर्यारोहकांनी उभं केलेलं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर अशा वेळी जवळच्या पथकाला गाठून देतं. त्यांचा मदत क्रमांक निघण्याआधी शोधून कागदावर लिहून ठेवावा, कारण बंद पडलेल्या मोबाईलमधला नंबर काही कामाचा नाही.

आता फोटोंकडे वळतो.

पहिली गोष्ट, काढणाऱ्याची पाठ कशाला तरी टेकलेली हवी. मंदिराची भिंत, मोठा दगड, काहीही. पाठ टेकली की मागे जायचा प्रश्नच मिटतो. माणसं बसत नसतील तर माणसांनी पुढे-मागे दोन रांगा कराव्यात, लहानांनी खाली बसावं, किंवा मोबाईलवर वाइड लेन्स घ्यावी. तीही पुरत नसेल तर कळस सोडून द्यावा. माणूस, देऊळ, धरण आणि आकाश एकाच फोटोत हवं या हट्टापायीच पावलं मागे जातात. बरं, असा सगळा माल भरलेला फोटो पुढे कुणी पाहतही नाही. त्यात माणसं मुंगीएवढी आणि धरण तर त्याहून लहान.

दुसरी गोष्ट कड्याच्या काठावरच्या फोटोची. तरुण पोरांना तो हवाच असतो, आणि "नको" म्हटलं की ती आपली नजर चुकवून काढतात. त्यापेक्षा युक्ती शिकवावी. माणसाला काठापासून चांगलं दहा-बारा फूट आत, सपाट जागी उभं करा. काढणाऱ्याने बसकण मारून मोबाईल जमिनीपासून वीतभर उंचीवर धरावा. इतक्या खालून पाहिलं की माणसाच्या पायापासून काठापर्यंतची जमीन दबून जाते, जवळपास दिसतच नाही. पायाखाली कातळाची एक पट्टी आणि तिच्यापलीकडे एकदम दरी. फोटोत तो माणूस अगदी टोकावर उभा वाटतो. माझ्या भाचीचा असा एक फोटो पाहून आईने तिला फोनवर चांगलंच झापलं, आणि भाची आतल्या बाजूला, ओट्याजवळ उभी होती. उभ्याने काढलेल्या फोटोत हे होत नाही. मधली सगळी जमीन दिसते, मग फोटो सपक वाटतो, आणि "अजून थोडं मागे" सुरू होतं. बसून काढा, एवढं केलं तरी निम्मं काम झालं. बसलेला माणूस वाऱ्याने हलत नाही, त्याचा हातही स्थिर राहतो. पॅनोरमा तर बसूनच काढावा, कारण उभ्याने गोल फिरताना पाय कुठे पडतोय याचं भान राहत नाही.

कठडे-साखळ्या दिसल्या म्हणून त्यांना रेलू नये. पावसाळे खाल्लेलं लोखंड आणि त्याच्या बुडाचा कातळ किती धड आहे हे बघून कळत नाही.

तिसरी गोष्ट राखणीची. शेतात पाखरं राखायला एकजण बसतो, तसा माथ्यावर आमच्यातला एकजण फोटोत येत नाही आणि काढतही नाही. त्याचं काम फक्त बघण्याचं. पोरं कुठे आहेत, काढणाऱ्याच्या मागे काय आहे, ढग कुठून चढतायत. पाळीपाळीने हे काम फिरतं. पहिल्यांदा दाजींनीच ते मागून घेतलं, आणि आता ते इतक्या जोरात ओरडतात की शेजारचे घोळकेही जागच्या जागी थांबतात.

या राखणीचा एक फायदा आधी ध्यानात आला नव्हता. राखणीवरचा माणूस डबे उघडत नाही, पाणी वाटत नाही, तो नुसता बसून डोंगर पाहतो. आमच्या जुन्या सगळ्या फोटोंमध्ये आई आणि ताई एक तर पोळीभाजी वाढतायत, नाहीतर फोटोतच नाहीत. कळसूबाईची जी गोष्ट या भागात सांगतात ती इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या इंदोर गावात एका घरी कामाला राहिली, ती अट घालूनच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी भांडी घासायला लावली. तिने घासली, आणि तडक डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. अशा देवीच्या दारात जाऊन घरच्या बायकांना पुन्हा डबे धुवायला लावणं मला तरी बरं वाटत नाही. डबे पुरुषांनी उचलावेत.

आता उजेडाचं. माथ्यावर रेंगाळण्याचं खरं कारण हेच असतं की मनासारखा फोटो येत नाही. दहा काढले, सगळे धुरकट, म्हणून आणखी दहा, म्हणून जरा त्या टोकाला जाऊन पाहू. कुठला डोंगर कुठल्या दिशेला आहे आणि त्यावर ऊन केव्हा पडतं हे आधी ठाऊक असलं तर ही वणवण थांबते.

कळसूबाईवरून दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. त्याच्या पलीकडे, दक्षिणेलाच रतनगड, आणि त्याहून लांब, साधारण चोवीस किलोमीटरवर हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तिघे. उत्तरेकडे इगतपुरीचा मुलूख आणि त्यामागे अंजनेरी-त्र्यंबकच्या रांगा. पूर्वेला बितनगड, पट्टा. नाव माहीत नसलेल्या डोंगराचा फोटो घरी आल्यावर कुणाचाच राहत नाही, म्हणून वर गेल्यावर पोरांना आधी नावं ओळखायला लावावीत. इंटरनेटशिवाय चालणारं पीकफाइंडरसारखं ॲप त्याला उपयोगी पडतं, आणि अण्णांसारखं कुणी सोबत असेल तर तेही लागत नाही.

हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याकडे मोबाईल धरला की तो कायम उजेडाविरुद्धच असतो, दुपारी तर पाणी पांढरंफटक येतं आणि रतनगड नुसती काळी आकृती. हे आपलं चुकलं नाही, जागाच तशी आहे. अशा वेळी दोन मार्ग. एक, विरुद्ध उजेडच कामाला लावायचा: पडद्यावर चमकत्या पाण्यावर बोट दाबून धरायचं, शेजारची सूर्याची खूण खाली ओढायची, फोटो गडद होतो आणि रांगेमागून रांग अशी डोंगरांची छटा सुरेख उठते. दुसरा मार्ग, पाठ फिरवायची. उत्तरेच्या रांगांवर त्याच वेळी समोरून ऊन असतं आणि तिकडे कुणी बघतही नसतं. अलंग-मदन-कुलंगवर सकाळी ऊन, दुपारनंतर ते अंधारात जातात.

माणसांचे फोटोही यावरच अवलंबून. तोंड उन्हाकडे केलं तर सगळे डोळे मिचकावतात, पाठ केली तर चेहरे काळे. मंदिराच्या सावलीत उभं करून घ्या. मागचा देखावा थोडा फिका येईल, पण आजीचे डोळे उघडे असतील.

मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद पाहणारी असते. डोळ्यांना भव्य वाटलेला हरिश्चंद्रगड तिच्यात नखाएवढा येतो आणि आपल्याला वाटतं कॅमेरा वाईट. दूरच्या डोंगरांसाठी दोन-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरावी, म्हणजे एकामागच्या एक रांगा जवळ आल्यासारख्या दिसतात. वाइड लेन्स माणसांसाठी ठेवा, डोंगरांना ती न्याय देत नाही. आणि काढण्याआधी लेन्स पुसा. शिड्यांचा गंज, घाम आणि शेंगदाण्याची चिक्की यांचे हात लागलेल्या लेन्समधून जगातला कुठलाही डोंगर धुक्यातच दिसतो.

ऋतूही पाहावा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मला सर्वांत आवडतो. पावसाने हवा धुतलेली असते, सुरुवातीला सोनकीची पिवळी फुलं उतारावर टिकून असतात. मार्चपासून पुढे भाताच्या खाचरांत राब भाजायला लागतात. तो धूर दऱ्यांत साठतो, वर उन्हाची झळ, आणि दुपारच्या फोटोत सगळं पिवळट. त्यात मोबाईल बदलून फरक पडत नाही. ऐन पावसाळ्यात तर माथ्यावर दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. तेव्हा गर्दी मात्र सर्वांत जास्त. धुक्यात देखाव्यासाठी काठाकडे सरकण्यात काहीच हशील नाही, तिथे पाहण्यासारखं काही नसतं.

सूर्योदय-सूर्यास्ताचा मोह घरच्यांसोबत असताना टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. माथ्यावर सूर्यास्त पाहायचा म्हणजे शिड्या अंधारात उतरायच्या. सूर्योदय पाहायचा म्हणजे त्या अंधारात चढायच्या. कोवळं ऊन हवं असेल तर ते बारीच्या शिवारातच मिळतं: गाव डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगाला आहे, सकाळचं ऊन थेट कळसूबाईच्या अंगावर येतं. शिवाय कळसूबाईचा फोटो कळसूबाईवरून निघत नाही, ही एक साधी गोष्ट लोक विसरतात. सगळ्यांत उंच जागी उभं राहिलं की बाकी सगळे डोंगर खाली जातात, बसके दिसतात. खालून छातीत धडकी भरवणारे अलंग-मदन वरून पाहिले तर नुसती पठारं. आमच्या घरच्यांचे चांगले म्हणावेत असे बहुतेक फोटो सोंडेवरचे आहेत, नऊच्या आधीचे. तिथे जागा आहे, बसायला दगड आहेत, ऊन तिरकं आहे आणि मागे डोंगर उभा आहे. एकदा हे पटलं की माथ्यावर फार वेळ काढावासा वाटत नाही.

विजेबद्दल मात्र कडक राहावं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग वाढतात, गडगडाट होतो, आणि आपण उभे असतो राज्यातल्या सर्वांत उंच जागी, खाली यायची वाट लोखंडी शिड्यांची. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते मोबाईलमध्ये असावं. पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे या महिन्यांत दुपारच्या आत शिड्यांच्या खाली आलेलं असावं. ढग काळे झाले की फोटो फार नाट्यमय येतात, हे खरं आहे. नेमकं तेव्हाच उठायचं असतं.

कातळात आग्या मोहळं असतात. त्यांच्या जवळ धूर, दगड, मोठा आवाज आणि अत्तर यांतलं काहीच नको. ड्रोनही नको; हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

कधीकधी मात्र फोटोचं भाग्य आपणहून चालून येतं. ढग दरीत खाली, सूर्य पाठीशी, आणि आपली सावली ढगावर पडली की तिच्याभोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ दिसतं. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडावरच्या अशा वर्तुळाची नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली छापलेल्या लेखात केली आहे. गंमत अशी की प्रत्येकाला वर्तुळाच्या मधोमध स्वतःचीच सावली दिसते, शेजारी उभ्या माणसाला त्याची. म्हणून "इकडे ये, इथून चांगलं दिसतं" म्हणत कुणाला काठाकडे ओढण्यात अर्थ नाही. जो जिथे बसलाय तिथूनच त्याला ते पुरं दिसतं. ते टिकतंही फार थोडा वेळ, तेव्हा आधी डोळे भरून पाहावं, मग वेळ उरला तर मोबाईल.

उतरायला लागताना आम्ही सगळे मोबाईल एका पिशवीत टाकतो आणि चेन लावतो. शिड्या संपेपर्यंत पिशवी आईकडे. आई कुणालाच देत नाही. शिडीवरून खालचा देखावा फार सुंदर दिसतो असं भाची दर वेळी सांगते, आणि आई म्हणते, "दिसतो ना? मग बघ."